चिठ्ठी कुणाची, हा तपशील गौण आहे

माणसाच्या उन्नतीसाठी चूक आवश्यक असते. चुकीनंतर पश्चात्ताप आवश्यक असतो. चूक दुरुस्त करणं मात्र आवश्यक नसतं, किंबहुना ते उन्नतीला घातक असतं, हे अमरावतीच्या अंतर्यामी उन्नती केंद्राने सप्रमाण सिद्ध केलं आहे. (प्रस्तुत लेखक या केंद्राचा मानद कार्यवाह असल्याने प्रमाण त्याच्यापाशीच असतं आणि ते मागायला अजून कुणी आलेलं नाही.)

केंद्र राजापेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. पहिल्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांचा क्लास चालतो. खाली नापास झालेला विद्यार्थी वर येऊन त्याचा पश्चात्ताप करू शकतो. गाडी हलवावी लागत नाही. संचालक शेखर सर पूर्वी बारावीला रसायनशास्त्र शिकवत. त्यामुळे विषयात सूत्रबद्धता आली. चूक अधिक अश्रू बरोबर व्यक्तिमत्त्व. अभ्यास केला नाही, व्यायाम केला नाही, पुण्याला गेलो नाही, असे पश्चात्ताप प्राथमिक वर्गात बसतात. दुसऱ्याचं आयुष्य बिघडवल्याचा पश्चात्ताप हा प्रगत वर्ग. त्यात जागा नेहमी रिकाम्या राहतात. केंद्राच्या पाहणीनुसार विभागातल्या नव्वद टक्के लोकांचं कुणी ना कुणी वाटोळं केलेलं आहे, आणि आपण कुणाचं केलं असं म्हणणारा एकही टक्का सापडत नाही. मग केलं कुणी, हा प्रश्न पाहणीच्या कक्षेत येत नव्हता.

अशा दुष्काळात केंद्राला मोरोपंत पिंजरकर लाभले.

मोरोपंत हे तिवस्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाचे निवृत्त प्राचार्य. निवृत्तीनंतर ते अमरावतीला राहायला आले आणि वर्षभरात त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला आता कुणी हार घालत नाही. पत्नी सिंधूताईंनी त्यांना सकाळी फिरायला जायला सुचवलं. फिरता फिरता ते केंद्रात आले, मागच्या खुर्चीवर बसले, आणि 'ज्याच्या मनात काटा आहे त्याने उभं राहावं' असं शेखर सर म्हणताच उभे राहिले.

काटा असा होता. वीसेक वर्षांपूर्वी बारावीच्या परीक्षेत, गणिताच्या पेपरला, भरारी पथकाला दोन बाकांच्या मधे एक चिठ्ठी सापडली. पुढच्या बाकावर दीपमाला होती, झेंडू आणि शेवंती पिकवणाऱ्या शेषरावांची मुलगी; वर्गात पहिली येणारी. मागच्या बाकावर कुंदन होता, संस्थेचे अध्यक्ष खुशालराव यांचा मुलगा, वर्गात येणारा. पथकाच्या साहेबांनी विचारलं, "कोणाची?" अक्षर मोरोपंतांनी ओळखलं. कुंदनचं अक्षर ओळखायला फार शिक्षण लागत नसे. त्याच आठवड्यात मोरोपंतांना प्राचार्यपदावर कायम करण्याचा ठराव संस्थेपुढे यायचा होता. त्यांनी पुढच्या बाकाकडे बोट केलं.

दीपमालाचा पेपर काढून घेतला गेला. निकाल रोखला गेला. शेषरावांनी तिला पुन्हा परीक्षेला बसू दिलं नाही; पुढच्याच वर्षी अकोल्याच्या जुन्या शहरातलं स्थळ पाहून तिचं लग्न लावून दिलं. गावात तिचं नाव 'चिठ्ठीवाली' पडलं. एवढा काटा प्रगत वर्गाला पुरेसा होता.

मोरोपंत त्या दिवशी बोलले आणि रडले. वर्ग रडला. शेखर सरांनी त्यांना मिठी मारली. घरी येऊन त्यांनी सिंधूताईंना सांगितलं, "आज फार हलकं वाटतंय."

"हो का?" सिंधूताई म्हणाल्या. "मग त्या पोरीला भेटून आलात?"

"सिंधू, पश्चात्ताप ही अंतरंगातली प्रक्रिया आहे."

"ती पोरगी बाहेर आहे ना पण."

सिंधूताईंनी केंद्राचा कोणताही अभ्यासक्रम केलेला नव्हता, हे इथे नमूद केलं पाहिजे.

पुढच्या दोन वर्षांत मोरोपंत आमचे प्रमुख वक्ते झाले. 'माझा काटा' हे त्यांचं व्याख्यान मोर्शीला झालं, दर्यापूरला झालं, बँकेच्या कर्मचाऱ्यांपुढे झालं, एका लग्नाच्या स्वागत समारंभातही झालं. व्याख्यान जसजसं गाजलं तसतशी त्यात शेखर सरांच्या मार्गदर्शनाखाली सुधारणा होत गेली. दीपमालाची 'ज्योती' करण्यात आली. चिठ्ठी कुणाची होती हा तपशील गौण म्हणून वगळण्यात आला. (त्या सुमारास कुंदन हे वडिलांच्या जागी अध्यक्ष होऊन केंद्राचे प्रमुख आश्रयदातेही झाले होते, पण वगळण्याशी त्याचा संबंध नाही.) शेवट मात्र जमत नव्हता. लग्न होऊन अकोल्याला गेली, हा काही शेवट नव्हे. तेव्हा मोरोपंत शेवटी थांबत, वर बघत आणि म्हणत, "ती ज्योती आज कुठे असेल? असेल तरी का?" या प्रश्नावर पहिल्या तीन रांगांत हमखास रुमाल निघत.

अकोल्याच्या कार्यक्रमात अडचण उद्भवली.

सत्काराचे हार सभागृहाच्या माणसाने नेहमीच्या दुकानातून मागवले होते. जुन्या शहरातलं दुकान. हार द्यायला दुकानाची मालकीण स्वतः आली, आणि सत्कार शेवटी आहे असं कळल्यावर टोपली घेऊन दाराशी उभी राहिली. मोरोपंतांना तिने ओळखलं. मग गणिताचा पेपर ओळखला, पुढचा बाक ओळखला, आणि झेंडू पिकवणाऱ्या बापाची हुशार पोरगी ओळखायला तिला वेळ लागण्याचं कारण नव्हतं.

"ती ज्योती आज कुठे असेल?" मोरोपंतांनी वर बघितलं. "असेल तरी का?"

"मी इथंच हाव, सर," दारातून आवाज आला. "अन् माहं नाव दीपमाला हाय."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. एका बाईंनी तिला हाताला धरून मंचावर नेलं. शेखर सरांनी प्रसंगावधान राखून 'भावनांचा जिवंत आविष्कार' असं काहीतरी म्हटलं. मोरोपंत हात जोडून उभे होते. दीपमालाने टोपली खाली ठेवली, त्यातला एक हार उचलला आणि शेखर सरांच्या हातात दिला. "हा तुमीच घाला यायले," ती म्हणाली. "माह्या हातानं नाई होत."

कार्यक्रम संपल्यावर ती व्हरांड्यात थांबली होती. मोरोपंत आले. तिने काही आरडाओरडा केला नाही. केला असता तर केंद्राला हाताळता आला असता. त्यासाठी आमचं स्वतंत्र सत्र आहे.

"सर, मले काई नाई पाहिजे," ती म्हणाली. "फक्त एकडाव तिवस्याले चाला. माह्या बापाले सांगा का चिठ्ठी माही नोती. बस."

"तुझे वडील अजून त्या गोष्टीवर..."

"त्या गोष्टीवर नाई. साऱ्याच गोष्टीवर." तिने पदराने तोंड पुसलं. "मी म्हनलं गायीले वासरू झालं, तर बा मायकडे पायते अन् विचारते, 'खरं हाय का हे?' मी म्हनलं लेकराले ताप हाय, तरी विचारते, 'खरं हाय का?' वीस वर्सं झाले, सर. मी पानी पिलं म्हनलं तरी मायची साक्ष लागते. आता बा थकला. त्याच्या मांगं कोनाले सांगू मी?"

मोरोपंतांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "दीपमाला, तुला कल्पना नाही, मी किती सोसलं आहे."

"हव," ती म्हणाली. "आत्ताच आइकलं मी. पाऊन तास."

या मागणीवर केंद्रात गंभीर विचारविनिमय झाला. शेखर सरांचं प्राथमिक मत प्रतिकूल होतं. चूक दुरुस्त झाली की पश्चात्ताप संपतो. पश्चात्ताप संपला की उन्नती थांबते. आणि मोरोपंतांची तर पुढच्या महिन्यात नागपूरला उन्नती ठरलेली होती. "भरलेल्या जखमेवर व्याख्यान देता येत नाही," असं ते म्हणाले, आणि हे वाक्य केंद्राच्या भिंतीवर लावण्यात आलं. मोरोपंतही तयार नव्हते. त्यांना सांधेदुखी होती. तिवसा अमरावतीहून एसटीने तासाभराच्या आत येतं. पण अंतर्मनाचा प्रवास फार मोठा असतो, असं त्यांनी सिंधूताईंना सांगितलं.

"मग अंतर्मन घरी ठेवा," सिंधूताई म्हणाल्या, "आणि बसने जा."

तोडगा शेखर सरांनाच सुचला. माफी मागायचीच तर ती मागण्याचा सोहळा का होऊ नये? केंद्राच्या इतिहासातला पहिला प्रत्यक्ष क्षमायाचना सोहळा, स्थळ तिवसा, प्रमुख अतिथी संस्थेचे अध्यक्ष कुंदनदादा. कुंदनदादांनी आनंदाने स्वतःचं मंगल कार्यालय दिलं, मांडव दिला, जेवण दिलं. त्यांनी 'माझा काटा' अनेकदा ऐकलं होतं आणि दर वेळी ते मनापासून रडले होते. त्या परीक्षेला आपण मागच्या बाकावर होतो, हे त्यांना आठवत नव्हतं. ते काही लपवत नव्हते. खरोखरच आठवत नव्हतं. ज्याला आयुष्यात काहीच भोगावं लागलं नाही, त्याची स्मरणशक्ती फार निर्मळ असते.

दीपमालाला सोहळ्याचं हे कळलं तेव्हा तिने मोरोपंतांना फोन केला. "सर, मांडव नोका टाकू. घरी या. चहा पिऊन एक वाक्य बोला अन् जा."

"अगं, चारचौघांत तुझी बदनामी झाली. मग चारचौघांतच शुद्धी नको का?"

हे तिला पटलं. पटण्यासारखंच होतं. ती शेषरावांना आणि आई गंगूबाईंना घेऊन आली.

शेषराव पंचाहत्तरीच्या पुढचे. पांढरं धोतर, धुवट सदरा. येताना रिकाम्या हाताने कसं यावं म्हणून त्यांनी वावरातल्या शेवंतीचा हार आणला होता. प्राचार्य आपल्याला काहून बोलावून राहिले, हे त्यांना माहीत नव्हतं. मुलीने सांगितलं होतं, पण त्यावर त्यांनी सवयीप्रमाणे गंगूबाईंकडे पाहिलं होतं, आणि गंगूबाईंना यातलं काय ठाऊक असणार?

मोरोपंत बोलायला उभे राहिले. त्या दिवशी ते कधी नव्हे इतके सुंदर बोलले. रात्रीच्या रात्री जागून काढल्याचं बोलले. रक्तदाब वाढल्याचं बोलले. आरशात स्वतःकडे बघवत नाही म्हणून दाढी न्हाव्याकडे करतो, असं बोलले. एका निरागस कळीच्या आयुष्यावर एका क्षणात काळोखी कशी आली आणि त्या काळोखात त्यांना स्वतःला स्वतःचा दिवा कसा सापडला, ते बोलले. कळी, काळोख, दिवा, काटा, वादळ, किनारा या सर्वांचा त्यात अंतर्भाव होता. चिठ्ठी दीपमालाची नव्हती, या वाक्याचा नव्हता.

बोलता बोलता त्यांना हुंदका फुटला. ते शेषरावांपुढे वाकले आणि त्यांचे पाय धरले.

शेषराव दचकून उभे राहिले. त्यांनी प्राचार्यांना खांद्याला धरून उठवलं. त्यांचेही डोळे ओले झाले. "जाऊ द्या, सर," ते म्हणाले. "तुमी काहून रडून राहिले? पोरगी माही चुकली. तिनं कॉपी केली अन् तुमच्या जीवाले घोर लागला. इतके वर्सं! मीच तुमाले माफी मांगतो." आणि त्यांनी शेवंतीचा हार मोरोपंतांच्या गळ्यात घातला.

टाळ्या पडल्या. कॅमेरेवाल्याने जवळून चित्रण केलं. शेखर सरांनी डोळे पुसले. तांत्रिकदृष्ट्या पाहता सोहळा इथे पूर्ण झाला होता. क्षमा मागितली गेली होती. कुणी मागितली, याबाबत मतभेद होऊ शकतात.

"बा!" दीपमाला ओरडली. ती खुर्चीवरून उठली होती. "चिठ्ठी माही नोती! तेच सांगाले आले ना हे! सर, सांगा ना. सांगा त्यायले!"

शेषरावांनी सवयीने मान वळवली. पण गंगूबाई पाठीमागच्या रांगेत बायकांत बसल्या होत्या, आणि समोर प्रत्यक्ष प्राचार्य उभे होते. म्हातारा त्यांच्याकडे वळला.

"सर, एवढंच सांगा. चिठ्ठी हिची होती का नोती?"

मोरोपंतांनी समोर पाहिलं. समोरच्या कोचावर कुंदनदादा हातरुमाल नाकाशी धरून रडत होते. त्यांच्याच मांडवाखाली, त्यांच्याच माईकवर मोरोपंत उभे होते.

"शेषराव," ते म्हणाले, "प्रश्न त्या चिठ्ठीचा नाहीच. प्रश्न माझ्या आतल्या चिठ्ठीचा आहे."

"आतली राहू द्या आतच," शेषराव म्हणाले. "भाहेरची सांगा."

"सत्य हे असं दोन शब्दांत..."

"दोन कायले? एकच लागते, सर. हव नाईतर नाई."

मोरोपंतांनी पाण्याचा पेला उचलला. प्याले. खाली ठेवला. परत उचलला.

"नव्हती तिची." पहिल्या रांगेतून सिंधूताई बोलल्या. त्या उठल्याही नव्हत्या. "ह्यांनी मला त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं. चिठ्ठी तिची नाही, हे ठाऊक असून नाव तिचं घेतलं. मीही वीस वर्षं गप्प बसले. मला हार नको."

कार्यवाह या नात्याने मला खेदाने नोंदवावं लागतं, की हे वाक्य पूर्णपणे अप्रशिक्षित होतं. त्याला प्रस्तावना नव्हती, आरोह नव्हता, अश्रू नव्हता.

शेषराव मुलीकडे वळले. बापाने मुलीला जवळ घेण्याची जागा इथे होती; कॅमेरा तयारही होता. पण शेषरावांनी तसं काही केलं नाही. त्यांना लाज वाटत होती आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

"तू सांगत होती," ते म्हणाले. "मी आइकलं नाई."

"हव, बा," दीपमाला म्हणाली. "नाई आइकलं."

तिने 'जाऊ द्या' म्हटलं नाही. तिने बापाचा हात धरला, मागच्या रांगेतून आईला हाक मारली आणि तिघं मांडवाबाहेर चालती झाली. जेवण तयार होतं तरी थांबली नाहीत. रस्त्यावर आल्यावर म्हाताऱ्याने तिला विचारलं, की त्या गणिताच्या पेपरात काय काय आलं होतं. असं तिथल्या पानवाल्याने ऐकलं. ती सांगत होती आणि तो मान डोलावत होता; त्याला त्यातलं काही समजत नसावं.

मांडवात मोरोपंत खुर्चीवर बसून राहिले होते. शेखर सर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. "ते वाक्य तुमचं होतं," शेखर सर हळहळले. "वहिनींनी घेऊन टाकलं." कुंदनदादा निघताना वाकून मोरोपंतांच्या पाया पडले आणि त्यांनी अगदी निर्मळ कुतूहलाने विचारलं, "मग चिठ्ठी कोनाची होती हो, सर?"

"तो तपशील गौण आहे," मोरोपंत म्हणाले.

यानंतर सिंधूताई महिनाभर बहिणीकडे राहायला गेल्या आणि परत आल्यावर वेगळ्या खोलीत राहू लागल्या. अकोल्याच्या पुढच्या कार्यक्रमाला दीपमालाने हार द्यायला नकार दिला. केंद्राने पुन्हा पुन्हा वापरता येणारे कापडी हार घेतले, ते सोयीचे पडतात. सोहळ्याच्या चित्रफितीतून सिंधूताईंचं वाक्य लांबीच्या कारणास्तव कापण्यात आलं. शेषराव प्राचार्यांच्या गळ्यात हार घालतात तिथे ती संपते. हजारो लोकांनी ती पाहिली आहे, आणि खाली रडके चेहरे टाकले आहेत.

मोरोपंत मात्र खचले नाहीत. खरं सांगण्याची संधी मिळूनही आपल्याला सांगता आलं नाही, याचा त्यांना मनस्वी पश्चात्ताप झाला. हा दुसरा काटा पहिल्यापेक्षा खोल आहे असं जाणकारांचं मत आहे. 'तिवस्याचं मौन' हे त्यांचं नवं व्याख्यान दोन तासांचं असून मध्ये चहापान असतं. केंद्राने त्यांना 'उन्नतपुरुष' हा किताब दिला आहे.

राहता राहिले तुम्ही. हे वाचताना तुम्हाला तुमच्या ओळखीचे दोन-तीन मोरोपंत नक्की आठवले असतील. एखादे नातेवाईक, एखादे साहेब. त्यांना हे वाचायला पाठवावं, असंही मनात आलं असेल. तुम्ही स्वतः जिच्याकडे बोट केलंत ती दीपमाला मात्र एकालाही आठवली नसेल. आठवलीच असेल, तर तिचा नंबर तुमच्याकडे आहे, तिचं गाव तुम्हाला माहीत आहे, आणि वाक्यही फार लांब नाही. पण घाई करू नका. आधी थोडं वाईट वाटू द्या. वाटलं? छान. आता आपण किती हळव्या मनाचे आहोत, या विचाराने जरा बरंही वाटू लागलं असेल.

अभिनंदन. तुम्हाला प्रगत वर्गात थेट प्रवेश देण्यात येत आहे.